भांडं रिकामं जात नाही

१

बारा घरांच्या गल्लीत ऑटो जात नाही. यवतमाळातून लोहाऱ्याकडे निघालं की डाव्या हाताला बबनरावांची पानटपरी लागते. ऑटो तिथंच थांबतो आणि सामान कितीही असो, पुढचं तुमचं तुम्ही बघायचं. कारण विचारलं तर जितके ऑटोवाले तितकी उत्तरं. एक म्हणतो, गल्लीत शिरलं की आरशात मागची रिकामी सीट भरलेली दिसते. दुसरा म्हणतो, तिथं गेलेला चेंडू आजवर कोणी परत आणलेला नाही. तिसरा नुसतं म्हणतो, रस्ता खराब आहे. रस्ता सिमेंटचा आहे आणि मागच्याच वर्षी झालेला आहे.

बबनराव तर या गोष्टींचं कोठारच. पानाला चुना लावावा तितक्या सहज ते प्रत्येक गोष्टीला आपलं थोडं लावून देत. पण रुपाली आणि प्रफुल्ल घर बघायला आले, तेव्हा त्यांनी सहा वर्षांच्या सलोनीकडं एकदा बघितलं आणि हातातलं पान खाली ठेवलं. "लेकरू हाय न तुमच्यापाशी," ते म्हणाले. "मंग दुसरीकडं पाहा."

प्रफुल्ल हसला. तो एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. बंद पडलेलं मशीन का बंद पडलं हे शोधणं त्याचं काम, आणि ज्याला कारण नाही ते त्याच्या लेखी नव्हतंच. भाडं पाडायला कोणीतरी उठवलेल्या वावड्या आहेत, त्या आपल्या पथ्यावरच पडतील, असं त्याचं म्हणणं. रुपालीला हसू आलं नाही, पण दुसरीकडं बघायचं त्राणही तिच्यात उरलं नव्हतं. बाभुळगावहून ये-जा करून त्यांनी महिन्याभरात नऊ घरं पाहिली होती. नऊही ठिकाणी आधी पाण्याचं बोलणं, मग चहा, मग आडनाव. आडनाव सांगितलं की घरमालकाला आठवायचं, खोली तर परवाच पुतण्याला देऊन टाकली आहे. इतके पुतणे एका शहरात असतात, हे रुपालीला त्या महिन्यात कळलं.

बारा घरांच्या गल्लीत आडनाव कोणी विचारलंच नाही.

२

घर सात नंबरचं होतं. समोर आठ नंबरात विमलताई राहायच्या, साठीच्या, गोऱ्या, गल्लीतल्या सगळ्यांच्या काकू. सामान लागत असतानाच त्या आल्या. रुपाली बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो लावायला स्टुलावर चढली, तर विमलताईंनी पुढं होऊन स्टूल धरलं. "अजून थोडा वर घ्या," त्या म्हणाल्या, "उंचावर चांगला दिसते." खिळा ठोकायच्या निमित्तानं रुपालीनं तोंड बराच वेळ भिंतीकडंच ठेवलं.

विमलताईंनी त्या दिवशी चहा घेतला नाही, पाणीही घेतलं नाही. आत्ताच झाला म्हणाल्या. पुढंही त्या यायच्या, बसायच्या, सलोनीच्या गालावरून हात फिरवायच्या, आणि चहा मात्र नेहमी आत्ताच झालेला असायचा. रुपालीच्या ते लक्षात आलं होतं. पण माणूस एवढं करतं त्याचं एवढं धरून बसू नये, असं तिनं स्वतःला समजावलं.

विमलताईंची मुलगी प्रियंका फुलसावंगीला दिली होती आणि तिला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळं आज ना उद्या ती यायचीच. "तुम्ही राहाले आले, बरं झालं," विमलताई म्हणाल्या होत्या. "आता मले पोरीले आणता येईन." शेजारी आपल्याच वयाची बाई असली म्हणजे बाळंतिणीला सोबत होते, असा रुपालीनं त्याचा अर्थ लावला.

गल्ली शांत होती. तिथं लेकरं नाहीत हे रुपालीला दोन दिवसांनी जाणवलं, तेही सलोनीनं खेळायला कोणी नाही म्हणून भोकाड पसरलं तेव्हा. प्रत्येक घराच्या ओसरीत छताला झोपाळ्याच्या कड्या होत्या आणि झोपाळा एकाही घरी नव्हता. दहा नंबरच्या गच्चीवर तीन चाकांची लहान सायकल गंजत पडली होती. मोठी झाली असतील पोरं, गेली असतील पुण्याला, असं रुपालीला वाटलं. हल्ली सगळ्यांचीच जातात.

३

डबा आला तो चौथ्या दिवशी, दुपारी चारला. सलोनी शाळेतून यायची ती वेळ. फाटकाशेजारच्या बुटक्या भिंतीवर स्टीलचा कडीचा डबा ठेवलेला होता, झाकण घट्ट, हात लावला तर गरम. आत गोळाभात. बेसनाचे गोळे असे मऊ की बोटानं फुटावेत, आणि वर फोडणीचं तेल अजून चुरचुरत होतं. आणणारं माणूस गल्लीत कुठंच दिसत नव्हतं.

समोरून विमलताईंनी सांगितलं, बारा नंबरवाल्या मावशीनं पाठवला असेल. बारा नंबर म्हणजे गल्लीच्या टोकाचं घर, रस्ता जिथं संपतो तिथं आडवं उभं, खिडक्यांना जुन्या साड्यांचे पडदे. मावशी म्हाताऱ्या आहेत, बाहेर पडत नाहीत, पण नवीन कोणी आलं की डबा पाठवतात, असं कळलं. त्या घरात कोण कोण आहे हे रुपालीनं विचारलं नाही. तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. आपण कोण हे माहीत असूनही कोणीतरी घरातलं भांडं आपल्याकडं पाठवलं, आणि ते परत घ्यायचीही त्यांची तयारी आहे.

"आमच्या गल्लीत भांडं रिकामं जात नाही, बाई," विमलताई म्हणाल्या. "घरात काही नसलं तं चिमूटभर साखर टाकाची. पण रिकामं नाही."

हे सांगायला हवं होतं असं नाही. बाभुळगावात तिची आईही हेच करायची. रुपालीनं जीव ओतून अंबाडीची भाजी केली, भाकरी थापली, डबा राखेनं घासून लख्ख केला आणि भरून बारा नंबरच्या भिंतीवर ठेवून आली. घासताना डब्याच्या अंगावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली नावं हाताला लागली. भांड्यांवर नाव कोरून घ्यायची आपल्याकडं रीतच आहे, त्यात नवल काही नाही. पण या डब्यावर एकाखाली एक अशी आठ नावं होती, आणि देणाऱ्याचं नाव, तारीख, काही नाही. वरची पाच झिजून गेलेली. त्याखाली निकिता, रजत. सगळ्यांत खाली, सगळ्यांत नवं, सोनू.

एवढी नातवंडं आहेत मावशीला, मग येत कशी नाहीत कधी, असं रुपालीच्या मनात आलं. तिला मावशीची कीव आली.

४

डबा दर चार दिवसांनी येऊ लागला. कधी पातोडीची भाजी, कधी भरीत, कधी साधी खिचडी. रुपाली तो दर वेळी भरून पाठवायची. प्रफुल्ल बोटं चाटून खायचा आणि म्हणायचा, एमआयडीसीच्या मेसवाल्यानं एकदा इथं शिकायला यायला पाहिजे.

सलोनी मात्र जेवेनाशी झाली. शाळेतून आली की दप्तर टाकून कॉटवर आडवी व्हायची. ताट वाढलं तर पोट भरलंय म्हणायची. आणि पोट खरंच भरलेलं दिसायचं, ढेकरही द्यायची. शाळेत कोणाचा तरी डबा खाते का, म्हणून रुपालीनं बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, ती तर आणलेलासुद्धा तसाच नेते.

"कुठं जेवलीस?" रुपालीनं एके दिवशी जवळ घेऊन विचारलं.

"तिथं." सलोनीनं गल्लीच्या टोकाकडं बोट केलं. "पंगत बसते न, आई. सगळे बसतात. माझं ताट शेवटचं आहे. पण मले पाणी नाही वाढत अजून. सोनू म्हणते, पाणी वाढलं की मंग उठाचं नसते."

आता यात काही खरं नव्हतं. त्या दिवशी रविवार होता, पोरगी सकाळपासून घरात होती आणि दाराला आतून कडी होती. रुपालीनं स्वतःशी हिशेब मांडून पाहिला. डब्यावरची नावं सलोनीला वाचता येतात, पहिलीतली पोर, सोनू हे तिला सहज जमेल. खेळायला कोणी नाही म्हटल्यावर एकटं पोर मनातल्या मनात सवंगडी जमवतं. अगदी पटण्यासारखं होतं सगळं. फक्त तिच्या तोंडाला फोडणीचा वास येत होता, आणि घरात त्या दिवशी फोडणी पडलेली नव्हती.

त्याच आठवड्यात सलोनीचं ताट हरवलं. काठाला मोर असलेलं लहान स्टीलचं ताट, तिच्या आजीनं घेतलेलं. रुपालीनं भांड्याची मांडणी तीनदा उपसली. ताट शोधता शोधता ती स्वयंपाकघराचं दार पुढं ओढून मागं बघायला गेली, आणि तिथं चौकटीवर तिला पेन्सिलीच्या रेघा दिसल्या. लेकरू किती वाढलं ते मोजायला आईबाप ओढतात तशा, प्रत्येक रेघेशेजारी महिना लिहिलेला. खालच्या रेघेपाशी नाव होतं, सोनू. रेघा वर वर चढत सलोनीच्या उंचीपर्यंत आल्या होत्या आणि तिथं संपल्या होत्या.

५

ती तशीच समोर गेली. सोनू कोण, म्हणून विचारलं. विमलताई ओसरीत बसून दुपटं शिवत होत्या. त्यांनी दोरा दातानं तोडला आणि सांगितलं की तुमच्याआधी सात नंबरात राहायचे त्यांचं पोरगं, तापात गेलं, आईबाप मग इथं राहिले नाहीत. निकिता? दहा नंबरची, तीही तापातच. रजत? त्यावर विमलताईंनी सुईत दोरा ओवायला घेतला आणि तो ओवला जाईना.

"माहा होता तो," त्या म्हणाल्या. "प्रियंकाचा मोठा भाऊ."

रुपालीला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं. भीतीच्या आत कुठंतरी, तेवढ्या धांदलीतही, तिला त्या बाईबद्दल वाईट वाटलं, आणि हीच तिची चूक झाली.

रात्री तिनं प्रफुल्लपुढं सगळं मांडलं. तो नेहमीसारखा कारणं शोधू लागला. पाणी खराब असेल, तापाची साथ आली असेल, म्हातारी खायला बोलावत असेल. मग त्यानं झोपलेल्या सलोनीचं मनगट हातात घेतलं. पोरगी रोज पोट भरून ढेकर देत होती आणि तिचा हात वाळल्या शेंगेसारखा झाला होता. शनिवारी टेम्पो आणतो, तो म्हणाला, बाभुळगावले जाऊ, कारण मागून शोधू.

शनिवारपर्यंत रुपालीनं सलोनीला शाळेत पाठवलं नाही, नजरेआड होऊ दिलं नाही. डबा शुक्रवारी आला. आत काय आहे ते तिनं बघितलंसुद्धा नाही, सगळं मागच्या उकिरड्यावर उपडं केलं. डबा तसाच भिंतीवर सोडून निघून जावं, असं तिच्या मनात होतं, आणि तसं केलं असतं तर कोण जाणे काय झालं असतं. पण शनिवारी दुपारी सामानाची बांधाबांध पाहून विमलताई फाटकापाशी आल्या.

"जाता तं जा," त्या म्हणाल्या, आवाजात माया होती. "पण मावशीचं भांडं हातानं देऊन जा. नाहीतं लोकं म्हणतीन, हे लोकं भांडं घेऊन गेले."

हे लोकं. रुपालीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. नऊ घरांतून तिनं जे ऐकलं होतं, जे कोणी तोंडानं म्हटलं नव्हतं, ते सगळं त्या दोन शब्दांत मावलं होतं. आपल्यामागं या गल्लीत, कोणाच्याही तोंडी, असा शब्द उरू द्यायचा नाही, असं तिनं ठरवलं. तिनं डबा घासला, पुसला. आत काहीही ठेवलं नाही. आता देणंघेणं इथंच संपवायचं होतं.

६

प्रियंका त्याच दिवशी सकाळी आली होती. आठ नंबरच्या ओसरीत खुर्चीवर बसून ती पाय लांब करून केस विंचरत होती. सलोनी तिच्या शेजारी मुरमुरे खात बसली होती, आणि किती दिवसांनी काहीतरी खात होती. रुपालीनं ते पाहिलं आणि तिच्या जीवात थोडा जीव आला. पोरीला त्या दारापर्यंत न्यायची तिची छाती नव्हती. ती म्हणाली, काकू, पाच मिनिटं बघा हिच्याकडं. विमलताईंनी तिच्या हातातल्या डब्याकडं पाहिलं. डबा चालताना कसा हलका झुलत होता, तेही पाहिलं.

बारा नंबरचं दार थोडं उघडं होतं. आतून भांड्यांचा आवाज येत होता, पंगतीत जेवताना येतो तसा, चमचे, वाट्या, पेला खाली ठेवल्याचा. रुपाली उंबऱ्याशी उभी राहिली तसा तो थांबला. फटीतून आतल्या खोलीची फरशी दिसत होती. फरशीवर भिंतीला लागून लहान ताटांची ओळ. आठ ताटांत अर्धा उष्टा भात, आठ पेल्यांत पाणी. नवव्या ताटाच्या काठाला मोर होता. त्याच्या शेजारचा पेला उपडा घातलेला होता.

तिनं मावशी म्हणून हाक मारली की नाही, तिला पुढं आठवलं नाही. दाराआडून एक हात बाहेर आला. म्हाताऱ्या बाईचा साधा हात, बोटांना बेसन लागलेलं. त्यानं डबा घेतला, तोलून पाहिला. झाकण काढलं. मग डबा उपडा करून त्याच्या बुडावर दोन थापा मारल्या, शेवटचं शीत निघावं म्हणून आपण मारतो तशा. तळहातावर काहीच पडलं नाही. हात तसाच थोडा वेळ पसरलेला राहिला आणि मग डबा घेऊन आत गेला.

संपलं, असं रुपालीला वाटलं. ती भराभरा परत फिरली. आठ नंबरपाशी आली तेव्हा प्रियंका सलोनीची वेणी घालत होती, तिसरा पेड हातात होता. तेवढ्यात प्रफुल्लचा फोन आला की टेम्पोवाला टपरीपुढं यायला तयार नाही, तू जरा ये, बाई बोलली तर ऐकेल. रुपालीनं सलोनीला हाक मारली, आलेच, इथंच बस. ऊन लख्ख होतं, गल्ली सरळ होती, आणि ओसरीत दोन बायका होत्या.

टेम्पोवाल्यानं शेवटपर्यंत ऐकलं नाही. दहा-पंधरा मिनिटं गेली असतील. बबनराव सगळं ऐकत होते. पोरगी कुठं आहे, एवढंच त्यांनी विचारलं, आणि रुपालीनं सांगितल्यावर ते टपरीतून उठून उभे राहिले.

७

ओसरीत प्रियंका एकटीच होती. तिनं पोटावर पदर ओढून घेतला आणि मान खाली घातली. विमलताई दारात उभ्या होत्या. हातात साखरेचा डबा होता, त्याचं झाकण त्या लावत होत्या.

"तू भांडं रिकामं देऊन आली," त्या म्हणाल्या. "म्या तिच्या मुठीत साखर देऊन तिले त्या भांड्यामांगं पाठवलं. रिकामं कसं जाऊ द्याचं, बाई? मंग ते दुसऱ्याच्या घरी मांगाले येते."

रुपाली धावली. मागून प्रफुल्ल आला, त्याच्यामागं बबनराव. बारा नंबरच्या दाराला कुलूप होतं, गंजलेलं, किल्लीच्या भोकात कोळ्यानं जाळं विणलेलं. प्रफुल्लनं दगडानं कुलूप तोडलं. आत तीन खोल्या, फरशीवर धुळीचा जाड थर, आणि धुळीवर दारापासून भिंतीपर्यंत साखरेचे दाणे सांडत गेलेले. भिंतीपाशी ते संपत होते. त्या भिंतीवर प्रफुल्ल कितीतरी वेळ दगड घालत होता. पलीकडं मोकळं तुरीचं शेत होतं.

गल्लीतले सगळे आपापल्या ओसरीत येऊन उभे होते. कोणी पुढं आलं नाही, कोणी आतही गेलं नाही. दहा नंबरची बाई डोळ्याला पदर लावून रडत होती. तिला खरंच वाईट वाटत असावं. पोलीस आले, पंचनामा झाला, शेत तुडवून झालं. विमलताईंनी सांगितलं की पोरगी आईमागं गेली, आम्हाले वाटलं आईपाशी हाय. पोरगी आईमागं गेली, हे अगदी खोटंही नव्हतं.

चार दिवसांनी, दुपारी चारला, रुपाली सात नंबरच्या पायरीवर बसली होती. ती तिथून हलत नव्हती. समोर विमलताईंच्या ओसरीत नवा झोपाळा टांगायला सुतार आला होता आणि जुन्या कड्या ठोकून पाहत होता. रुपालीनं मान वळवली तर भिंतीवर डबा होता.

सोनूच्या खाली नववं नाव होतं, आणि ठिपक्यांत स्टीलचा चुरा अजून चमकत होता. त्या घरातूनही भांडं कधी रिकामं आलेलं नव्हतं. रुपालीनं डबा उचलून मांडीवर घेतला आणि दोन्ही हात झाकणावर ठेवले. तो गरम होता, आणि नेहमीपेक्षा जड होता.